बाल्कनीतलं ८०० वॅटचं सोलर: एक वर्ष वापरून झालं, घ्यावं का?

जून २०२४ मध्ये आम्ही बाल्कनीला सोलर लावलं, तेव्हापासून इथल्या मराठी लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारतंच, ताई खर्च किती आला, बिल खरंच कमी होतं का, घरमालकाने परवानगी कशी दिली. दर वेळी तुकड्यातुकड्यात उत्तर देण्यापेक्षा आता वर्ष पूर्ण झालंय तर सगळं एकदाच नीट लिहून काढते. आम्ही जर्मनीत स्टुटगार्टला भाड्याच्या घरात राहतो, तिसरा मजला, लिफ्ट नाही, बाल्कनी दक्षिणेकडे आणि समोर फक्त एक मोठं झाड. हे आधीच सांगते कारण तुमची बाल्कनी उत्तरेला असेल तर पुढचं सगळं वाचून उपयोग नाही, नका घेऊ, पैसे वाया जातील.

ज्यांना माहीतच नाही त्यांच्यासाठी, ही छपरावरची मोठी सिस्टीम नाही. जर्मनीत याला बाल्कोनक्राफ्टवेर्क म्हणतात, शब्दशः बाल्कनीतलं वीजघर. दोन पॅनेल, एक छोटा इन्व्हर्टर (बॅटरीवाला नाही, पॅनेलची डीसी वीज घरातल्या एसी विजेत बदलणारा डबा), रेलिंगला अडकवायचे हुक आणि शेवटी एक साधी पिन. ती पिन भिंतीतल्या नेहमीच्या सॉकेटमध्ये घालायची की झालं, वीज उलट्या बाजूने घरात येते आणि आधी आपला फ्रीज, राउटर, जे काय चालू असेल ते ती वापरतं, कमी पडली तरच बाहेरची वीज घेतली जाते. इलेक्ट्रिशियन लागत नाही. आमची पॅनेल ४३५ वॅटची एकेक, म्हणजे मिळून ८७०, पण इन्व्हर्टर ८०० च्या वर सोडत नाही कारण कायद्याची मर्यादा तेवढी आहे. मे २०२४ पर्यंत ती ६०० होती, १६ मेला नवीन कायदा आला आणि ८०० झाली, आम्ही मुद्दाम त्यासाठी थांबलो होतो आणि थांबलो ते बरंच झालं.

घ्यायचं मनात कधी आलं तर २०२२ च्या हिवाळ्यात. तेव्हा इथे जे होते त्यांना आठवत असेल, युक्रेनचं युद्ध सुरू झालं, ऑगस्टच्या शेवटी रशियातून येणाऱ्या नॉर्ड स्ट्रीम पाइपलाइनचा गॅस बंद झाला, सप्टेंबरमध्ये पाइपलाइनच फुटली, सरकारी ऑफिसात १९ डिग्रीच्या वर हीटिंग नाही असा नियम आला. युद्धाआधी जर्मनी जो गॅस बाहेरून घ्यायची त्यातला निम्म्याहून जास्त रशियाचा होता, त्यामुळे एकदम सगळ्याच घरांवर आलं. आम्हाला वीज कंपनीचं पत्र आलं की तुमचा आबश्लाग, म्हणजे दरमहाचा ठरलेला हप्ता, ६८ युरोवरून ११७ युरो. मी ते पत्र हातात घेऊन किचनमध्येच उभी राहिले, वाटलं काहीतरी चुकलंय, शेजाऱ्यांनाही तसंच आलेलं. पुढच्या वर्षी सरकारने आपल्या वापराच्या ८० टक्क्यांपर्यंत युनिटला ४० सेंटची मर्यादा घातली तेव्हा जरा श्वास घेता आला, पण ती भीती काही गेली नाही. एप्रिल २०२३ मध्ये इथून उत्तरेला असलेलं नेकारवेस्टहाइमचं अणुवीज केंद्रही बंद झालं, देशातली शेवटची तीन एकाच दिवशी बंद केली, ऑफिसात दोन्ही बाजूंनी जोरजोरात वाद व्हायचे, आणि मला सारखं वाटायचं की या सगळ्यात माझ्या हातात काय आहे तर फक्त दिवे बंद करणं. आता आमचा दर युनिटला ३६ सेंट आहे, रुपयात ३५ च्या आसपास धरा, सांगलीला सासरी सांगितलं तर कोणाचा विश्वास बसत नाही.

आता खरेदी. सेट आम्ही नेदरलँड्सच्या एका दुकानातून ऑनलाइन मागवला, नाव घेत नाही कारण पुढे तक्रार पण आहे. सेट ४६९ युरो, हुक ६०, डिलिव्हरी ४९, एकूण ५७८. जर्मनीत १ जानेवारी २०२३ पासून घरगुती सोलरवर व्हॅट शून्य आहे, नेदरलँड्सनेही त्याच तारखेला शून्य केला, त्यामुळे बाहेरून मागवलं म्हणून वर काही लागलं नाही. किंमत युरोतच, पैसे माझ्या बँकेतून आयबॅन (इथला बँक खात्याचा नंबर) टाकून साध्या ट्रान्सफरने, कमिशन नाही, विनिमय दर नाही, कस्टम नाही. मला या गोष्टीचं खरंच अप्रूप आहे, आपण रोज वापरतो म्हणून लक्षात येत नाही, पण दुसऱ्या देशातून ५० किलोचा माल मागवायचा आणि तो पुण्याहून सांगलीला मागवल्यासारखा यायचा ही साधी गोष्ट नाहीये. खात्री करायची तर आमचा एक मित्र बाझेलला राहतो, स्वित्झर्लंडमध्ये, जर्मनीची सीमा त्याच्या घरापासून ट्रामने गाठता येते. त्याने तोच सेट बघितला तर दुकान तिकडे पाठवतच नाही. फ्रँकमध्ये रूपांतर, सीमेवर कागद, त्यांचा ८.१ टक्के व्हॅट, मर्यादा तिथे ६०० वॅटच आणि भिंतीतलं सॉकेट पण वेगळं, आपली जर्मन पिन जातच नाही. शेवटी त्याने तिकडचाच सेट घेतला, आमच्यापेक्षा बराच महाग पडला.

पिनेवरून आठवलं, युरोपने चलन एक केलं, डिसेंबर २०२४ पासून नवीन फोनना टाइप सी चार्जिंग सक्तीचं केलं, २०१७ पासून रोमिंग गेलं, पण भिंतीतलं सॉकेट मात्र अजून एक झालं नाही. जर्मनी, नेदरलँड्स, स्पेनला शुको म्हणजे दोन गोल पिनांचं, फ्रान्स-बेल्जियमला त्यातच वर आलेली एक पिन, इटलीला एका ओळीत तीन. त्यामुळे बाहेरच्या दुकानातून घेताना केबलची पिन कुठली ते आधी बघा. काही जुन्या लेखांत वीलांड नावाचं वेगळं सॉकेट बसवून घ्या असं लिहिलेलं असतं, आम्ही नाही बसवलं, साध्या सॉकेटवरच वर्षभर चाललंय. पण एक पथ्य पाळा, एक्स्टेंशन बोर्डमध्ये ही पिन कधीच लावू नका, थेट भिंतीतच लावा, आणि एका घरात असा एकच सेट.

डिलिव्हरी हा सगळ्यात वाईट भाग होता. ट्रकवाला पॅलेट फुटपाथच्या कडेला उतरवतो आणि जातो, वर आणून देणं त्यात धरलेलं नसतं, हे ऑर्डरमध्ये बारीक अक्षरात लिहिलेलं होतं पण आम्ही वाचलं नव्हतं. दोन्ही बाजूंनी काच असलेलं एक पॅनेल २४ किलोचं, साधारण पावणेदोन मीटर लांब आणि सव्वा मीटरला थोडं कमी रुंद, ते वळणावळणाच्या जिन्यातून तीन मजले चढवायचं म्हणजे दोन माणसं हवीतच आणि हातात ग्लोव्हज हवेत. पहिलं वर नेलं. दुसऱ्याचं पॅकिंग उघडलं तर कोपऱ्यातली काच फुटलेली, कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा निम्म्या पॅनेलभर गेलेल्या. आणि आम्ही ट्रकवाल्याच्या कागदावर माल चांगल्या स्थितीत मिळाला म्हणून सही करून बसलेलो. दुकानाला फोटो पाठवले, पहिलं उत्तर आलं की सही आहे त्यामुळे आम्ही काही करू शकत नाही. मग नवऱ्याने शांतपणे मेल लिहिली की ट्रकमध्ये काय झालं ती तुमची आणि ट्रान्सपोर्टवाल्याची गोष्ट आहे, ग्राहकाच्या हातात येईपर्यंतची जबाबदारी विकणाऱ्याची असते आणि दोन वर्षांची कायदेशीर हमी युरोपियन युनियनमध्ये सगळीकडे असते. नऊ दिवस काही नाही, दहाव्या दिवशी नवीन पॅनेल आलं. आलं हे चांगलंच, पण ते नऊ दिवस फार मनस्ताप झाला. तुम्ही मागवाल तेव्हा पॅकिंग ट्रकवाल्यासमोर उघडा, तो घाई करेल, करू दे, काच फुटली असेल तर त्याच्या कागदावर तसं लिहा, फोटो काढा आणि मगच सही करा.

घरमालकाच्या बाबतीत आम्हाला तीन महिने लागले. आमच्या घरमालकीणबाई मनाने चांगल्या आहेत पण त्यांना भीती की पॅनेल वाऱ्याने खाली कोणाच्या डोक्यात पडेल, जे बरोबरच आहे. हुक किती वजन धरतात त्याचा कागद दिला, बाल्कनीच्या रेलिंगचे फोटो दिले, आमच्या हाफ्टप्फ्लिश्ट इन्शुरन्सला मेल करून यामुळे दुसऱ्या कोणाचं नुकसान झालं तर पॉलिसी कव्हर करते असं लेखी मागवलं आणि ते जोडलं, तेव्हा कुठे हो म्हणाल्या. आता हे सोपं झालंय. १७ ऑक्टोबर २०२४ पासून कायदा असा आहे की बाल्कनी सोलरला भाडेकरूने परवानगी मागितली तर मालकाला ठोस कारण असल्याशिवाय नाही म्हणता येत नाही. तरीही विचारायचं असतंच, न विचारता लावू नका. आणि तो इन्शुरन्सचा कागद आधीच काढून ठेवा, कारण प्रत्येक मालकाचा पहिला प्रश्न तोच असतो.

बसवायला आम्हा दोघांना एक शनिवार लागला. १३ नंबरचा पाना, केबल टाय, आणि रेलिंगच्या बाहेर पॅनेल धरून ठेवायला एक मित्र. हुक रेलिंगच्या वरच्या दांडीवर बसतात, खालून एक पट्टी लावून पॅनेल थोडं तिरकं करता येतं, आम्ही साधारण २० अंश बाहेर काढलंय, सरळ उभं ठेवण्यापेक्षा उन्हाळ्यात त्याचा फायदा होतो. सेटबरोबर आलेले बोल्ट मला आवडले नाहीत, हिवाळ्यानंतर दोनांवर गंज दिसला, ते काढून स्टेनलेस स्टीलचे घातले, बाउमार्क्टमध्ये, म्हणजे घरदुरुस्तीच्या सामानाच्या मोठ्या दुकानात, काही युरोत मिळतात, तुम्ही पहिल्याच दिवशी बदला. इन्व्हर्टरला दोन वेगळ्या इनपुट आहेत हे मात्र उत्तम, कारण सकाळी झाडाची सावली डाव्या पॅनेलवर असते तेव्हा उजवं आपलं काम चालू ठेवतं, एकाची सावली दुसऱ्याला खात नाही. घेताना हे नक्की विचारा.

पिन लावली, एक-दोन मिनिटं काहीच झालं नाही, मग इन्व्हर्टरवरचा दिवा हिरवा झाला आणि आम्ही दोघं धावत तळघरात मीटर बघायला गेलो. आमच्याकडे तेव्हा जुनं मीटर होतं, काचेमागे ॲल्युमिनियमची आडवी चकती, तिच्या कडेला लाल खूण. ती खूण रोज डावीकडून उजवीकडे जायची. त्या दिवशी ती हळू झाली, इतकी हळू की वाटलं अडकली, थांबली, आणि मग नवरा म्हणाला बघ बघ, आणि ती लाल खूण उजवीकडून डावीकडे यायला लागली. दुपारचे साडेबारा, घरात फक्त फ्रीज आणि राउटर चालू, आणि मीटर उलटं फिरतंय. २०२२ चं ते पत्र आल्यापासून विजेच्या मीटरकडे बघून मला पहिल्यांदाच बरं वाटलं, खरंच डोळ्यात पाणी आलं.

जुनं मीटर उलटं फिरणं आता तात्पुरतं चालतं, मीटर बदलेपर्यंत, तोपर्यंत सेट बंद ठेवावा लागत नाही. आमचं आठेक आठवड्यांनी फुकटात बदलून दिलं. नवीन डिजिटल मीटरवर दोन आकडे आलटून पालटून येतात, १.८.० म्हणजे तुम्ही घेतलेली वीज आणि २.८.० म्हणजे तुम्ही बाहेर सोडलेली. नोंदणी एकाच ठिकाणी, मार्क्टश्टामडाटेनरेगिस्टर नावाच्या सरकारी साइटवर, सेट चालू केल्यापासून महिन्याच्या आत. बाल्कनीवाल्यांसाठी त्यांनी फॉर्म छोटा केलाय, मला पंधरा मिनिटं लागली, वीज कंपनीला वेगळं कळवायची भानगड पण नवीन कायद्यात गेली. इथल्या सरकारी कागदांचा मला आलेला अनुभव बघता हे इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. जून २०२५ मध्ये अशा नोंदणी केलेल्या सेटची संख्या दहा लाखांवर गेली, त्यामागे हा सोपा फॉर्म नक्कीच आहे.

आता आकडे, ज्यासाठी सगळे विचारतात. वर्षभरात ६२९ युनिट तयार झाली. जुलैत ८१, मे महिन्यात ७९, आणि डिसेंबरमध्ये फक्त १४. परत सांगते, डिसेंबरचा पूर्ण महिना १४ युनिट. नोव्हेंबर ते जानेवारी मिळून ५० झाली, म्हणजे जुलैच्या तीन आठवड्यांची. स्टुटगार्ट तसंही टेकड्यांच्या वाटीत बसलेलं शहर, हिवाळ्यात धुकं बसलं की दुपारपर्यंत उठत नाही. म्हणून विकणारे जे वर्षाचा सरासरी आकडा दाखवतात त्यावर जाऊ नका, हिवाळ्यात जेव्हा दिवे, हीटर, ड्रायर सगळं जास्त चालतं तेव्हाच हे कमी देतं. ६२९ पैकी आम्ही स्वतः वापरली साधारण ४००, बाकीची बाहेर गेली. ४०० गुणिले ३६ सेंट म्हणजे १४४ युरो. म्हणजे ५७८ चे पैसे चार वर्षांत फिटतात. पॅनेल त्यापुढेही बरीच वर्षं चालतात, इन्व्हर्टर मध्येच एकदा बदलावा लागेल असं धरून चाला.

ती २२९ युनिट बाहेर गेली त्याचे पैसे मिळाले नाहीत. नियमाने मागता येतात, पण दर युनिटला आठ सेंटच्या आसपास, वर्षाला अठरा युरोसाठी ती सगळी कागदपत्रं कोणी करत नाही, आम्ही पण सोडून दिले. सांगलीला सासऱ्यांनी सूर्यघर योजनेत छपरावर ३ किलोवॅट बसवलंय, ७८ हजार सबसिडी मिळाली, तिकडे नेट मीटर आहे, बाहेर दिलेलं युनिट महावितरणच्या बिलात वळतं होतं, त्यामुळे आईंना इकडचं ऐकून वाईटच वाटलं, म्हणाल्या आपली वीज आणि फुकट द्यायची? पण यामागचं कारणही समजून घेतलं पाहिजे. जर्मनीत उन्हाच्या दुपारी सगळ्यांचंच सोलर जोरात असतं, २०२४ मध्ये ४५७ तास असे होते की बाजारात विजेचा भाव शून्याच्या खाली गेला, म्हणजे वीज घ्या आणि वर पैसे पण घ्या. आणि त्याच वर्षी १२ डिसेंबरला संध्याकाळी, वारा नाही ऊन नाही, तेव्हा एका तासाचा भाव मेगावॅट-तासाला, म्हणजे हजार युनिटला, ९३६ युरो झाला. दुपारच्या आमच्या त्या उरलेल्या युनिटची कोणालाच गरज नसते हे एकदा कळलं की मग त्याचे पैसे मागण्यापेक्षा ती घरातच कशी वापरायची हे बघितलं पाहिजे.

आणि तेच आम्ही शिकलो, यात मला सगळ्यात जास्त मजा आली. वॉशिंग मशीन आणि भांड्यांचं मशीन टायमर लावून सकाळी अकरा ते दोनमध्ये. एकावेळी एकच, कारण पाणी तापवताना मशीन २००० वॅट ओढतं, तेव्हा आमचे ८०० पुरत नाहीतच, पण पाणी तापून झालं की पुढचा तास-दीड तास सगळा उन्हावर. इंडक्शनवरचा कुकर, गीझर हे यावर चालत नाही, ती आशा ठेवू नका. आई मे महिन्यात इथे आल्या तेव्हा त्यांनी पहिल्या आठवड्यातच हे सगळं पकडलं. सांगलीहून आणलेला आमचा मिक्सर ७५० वॅटचा, त्यांच्या लक्षात आलं की ऊन चांगलं असताना तो जवळजवळ पूर्ण पॅनेलवर चालतो. मग इडलीचं वाटणं दुपारी एकला. तांदूळ-डाळ सकाळी भिजत घालायची, माझा फोन ओट्यावर ठेवायचा, ॲपमधला आकडा ७०० च्या वर गेला की मिक्सर सुरू, ढग आला की थांबायचं, उडदाचं भांडं हातात धरून बाल्कनीच्या दारात उभं राहून आकाशाकडे बघायचं. दहा मिनिटांचं वाटण, पैशात बघितलं तर साडेचार सेंट वाचले असतील. पण त्या रोज रात्री नवऱ्याला सांगायच्या, आज पीठ उन्हावर वाटलं रे. वीज भिंतीतून येते यापलीकडे आपण कधी विचारच करत नाही, तो विचार या एका सेटमुळे घरात सगळेच करायला लागले, आमची मुलगी पण शाळेतून आल्यावर आधी विचारते आज किती झाले.

आता जे आवडलं नाही ते. ॲप. इन्व्हर्टर वायफायवर जोडायचा, अकाउंट काढायचं, आणि आपल्याच बाल्कनीतला आकडा कुठल्यातरी लांबच्या सर्व्हरवर जाऊन मग आपल्या फोनवर यायचा, पाच मिनिटं उशिरा. फेब्रुवारीत त्यांचा सर्व्हर तीन दिवस बंद होता, वीज येत होती पण दिसत काही नव्हतं. नवीन घेणाऱ्यांनी असा इन्व्हर्टर बघावा जो घरातल्या वायफायवरच आकडा दाखवतो, इंटरनेट असो नसो. ज्यांना हे सगळं नको त्यांनी सॉकेटला लावायचं युनिट मोजणारं छोटं मीटर घ्यावं, पंधरा-वीस युरोत मिळतं आणि कधी फसवत नाही.

बॅटरीचं विचारतात बरेच जण. आम्ही नाही घेतली. २२९ युनिट वाचवायला सेटइतकेच पैसे घालायचे, आणि त्यातलीही सगळी वाचणार नाहीत, हिशेब बसत नाही. भाव उतरले तर बघू.

पण एक गोष्ट इथे आवर्जून सांगायची आहे कारण याबद्दल मोठा गैरसमज आहे, आमचाही होता. लाइट गेली तर हे सोलर चालत नाही. ऊन कितीही असलं तरी नाही. बाहेरची वीज गेली की इन्व्हर्टर सेकंदाच्या पाचव्या भागात स्वतःला बंद करतो, त्याला तसं करावंच लागतं, नाहीतर लाइनवर काम करणाऱ्या माणसाला आपल्या बाल्कनीतून शॉक बसेल, आणि पिन काढल्यावर तिच्या उघड्या दांड्यांना आपला हात लागला तरी काही होत नाही तेही याचमुळे. माझी मावसबहीण माद्रिदला असते, तिच्याकडेही असाच दोन पॅनेलचा सेट आहे. २८ एप्रिल २०२५ ला दुपारी १२ वाजून ३३ मिनिटांनी स्पेन आणि पोर्तुगाल दोन्ही देशांत एकदम वीज गेली, तेव्हा तिच्या बाल्कनीत लख्ख ऊन होतं आणि घरातला फ्रीज बंद. ती म्हणाली पॅनेलकडे बघून रडू येत होतं. मेट्रो बंद, सिग्नल बंद, फोनला रेंज नाही, आणि खाली दुकानात कार्ड चालत नाही. तिच्या पर्समध्ये वीस युरोची एक नोट होती, त्यावर पाणी, ब्रेड आणि मेणबत्त्या घेतल्या, मागे रांगेतल्या बाईकडे फक्त फोनवरचं कार्ड होतं, तिला हिने आपल्यातली एक पाण्याची बाटली दिली. तिच्याकडे वीज रात्री उशिरा आली. लाइट गेल्यावरही चालायला हवं असेल तर त्यासाठी वेगळं सॉकेट असलेली बॅटरी लागते, सेटबरोबरच्या जाहिरातीत ते स्पष्ट लिहिलेलं नसतं, दुकानात थेट विचारा की ग्रिड गेल्यावर चालतं का. आणि त्या दिवसापासून मी पण घरात थोडे युरो रोख ठेवायला लागले.

रोखीवरून आमच्या तळमजल्यावरच्या आजी. ८१ वर्षांच्या आहेत, केरवोखं म्हणजे जिना झाडायची पाळी कोणाची चुकली तर आधी त्यांनाच कळतं. पॅनेल लागलं त्या आठवड्यात वर आल्या, म्हणाल्या माझ्या खिडकीत चकाकी येते का ते बघायचंय. आली नाही. मग दर महिन्याला विचारायला लागल्या किती झालं, मी युरो सांगितले की त्या मनात दुप्पट करून मार्क काढतात, २००२ ला नोटा बदलल्या त्याला इतकी वर्षं झाली तरी, म्हणाल्या एक युरोला १.९५५८३ मार्क हा आकडा मी मरेपर्यंत विसरणार नाही. आपल्याकडे यूपीआयने कोथिंबिरीचे पैसे देतात हे मी त्यांना सांगितलं तर त्यांना ते अजिबात पटलं नाही, आणि माद्रिदचं ऐकल्यावर तर नाहीच. आता त्यांनाही सेट हवाय. ऑनलाइन घ्यायचा नाही, दुसऱ्या देशातून तर नाहीच, आयबॅन कोणाला द्यायचा नाही. त्यांना म्हटलं अहो जानेवारी २०२५ पासून बँकेला इन्स्टंट ट्रान्सफरचे जादा पैसे पण लावता येत नाहीत, तर म्हणाल्या मला घाई नाही. मागच्या आठवड्यात त्या आणि मी बाउमार्क्टला जाऊन एक पॅनेलचा छोटा सेट घेऊन आलो, त्यांनी पाकिटातून नोटा मोजून दिल्या, पावती घडी करून पर्समध्ये ठेवली. त्यांची एकटीची वीज थोडी, दोन पॅनेलचं बहुतेक फुकटच बाहेर गेलं असतं, त्यामुळे एकटं राहणाऱ्यांनी एकच घ्यावं असं मी सगळ्यांना सांगते.

तर पाच पैकी चार देते, एक कापला डिलिव्हरी आणि ॲपसाठी. दक्षिणेची, फार तर पूर्व-पश्चिमेची बाल्कनी, दिवसा घरात कोणी असतं, आणि त्या घरात अजून चार-पाच वर्षं राहणार असाल तर बिनधास्त घ्या. घर बदललं तर काढून नेताही येतं, नवीन पत्ता त्या सरकारी साइटवर बदलायचा एवढंच.

आजींचं शनिवारी बसवायचंय. त्यांच्या रेलिंगची दांडी गोल आहे आणि हुक चौकोनी दांडीचे आलेत, ते आधी बदलून आणायला हवेत, आणि जेरेनियमच्या कुंड्या हलवाव्या लागतील, त्याला त्या अजून तयार नाहीत.